शेंडेमाळची दोन मिनिटं

भिंगारला माझ्या भिंतीला भिंत लागून जैनुद्दीन शेख राहत. मी शाळेत मास्तर, ते रेल्वेतून निवृत्त झालेले. अकरा वर्षं आमचा शेजार होता. एवढा घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. तार आली की उघडण्याआधी ते खाली बसत. गल्लीत पोलिसाची सायकल शिरली की आत जाऊन पाणी पीत. हे सगळं ते स्वतःच सांगत, त्यात त्यांना लाज वाटत नसे. पुढची हकीकतही त्यांनीच सांगितलेली आहे, थोडी त्यांच्या बायकोने, जहिराभाभींनी. घडलं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, म्हणून इथं मी त्यांना नुसतं जैनुद्दीन म्हणतो.

जैनुद्दीनचे वडील शमशेर हे भिंगारच्या बाजारात शिंपी. छावणीतल्या शिपायांचे खाकी कपडे शिवायचे. कापडावर खडूने सरळ रेघ ओढायची सवय पोराला तिथंच लागली. चित्रकलेची परीक्षा झाली आणि अडतीस साली तो नगर स्टेशनाला लागून असलेल्या ट्रॅफिक ऑफिसात नकाशे काढायला लागला.

नकाशा म्हणजे गाड्यांचा. टेबलभर मोठा कागद. डाव्या कडेला खालपासून वरपर्यंत स्टेशनांची नावं, प्रत्येकाची एक आडवी रेघ. वरच्या कडेला तास आणि मिनिटं. आणि त्या जाळीतून प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. गाडी जिथं थांबते तिथं रेघेला छोटी पायरी पडते. थांबत नाही तिथं रेघ सरळ पुढे जाते. रूळ एकेरी, दुसरी लाईन फक्त स्टेशनात. म्हणून समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा एकमेकींना छेदतील त्या स्टेशनाच्या रेघेवरच छेदल्या पाहिजेत. छेद केसभर सरकला, की कागदावर दोन गाड्या माळरानात एकमेकींसमोर उभ्या. जैनुद्दीन प्रत्येक छेद तीनतीनदा तपासायचा. घरी जेवताना हातातला घास तसाच राहायचा आणि तो मनात पुन्हा मोजायचा.

बेचाळीस साल उजाडलं आणि भीतीला कारणं कमी पडेनाशी झाली. ऑगस्टनंतर कुठं रूळ उखडले, कुठं तारा तोडल्या, अशा बातम्या रोज येत. किल्ल्यात कोणाला आणून ठेवलंय ते सगळ्या शहराला ठाऊक होतं, पण त्या बाजूला कोणी मान वळवून बघत नसे. नकाशावर आता तांबड्या पेन्सिलीने मिलिटरी स्पेशल गाड्या काढाव्या लागत, आणि तो कागद गुप्त झाला. ऑफिसच्या दारात पोलीस बसला.

जैनुद्दीनच्या वरच्या जागेवर सहादेव नावाचा नकाशेवाला होता. शांत, सुपारी खाणारा गृहस्थ. काम उरलं म्हणून एक दिवस नकाशाची नक्कल तो घरी घेऊन गेला. कोणी सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, सगळ्यांच्या देखत, पोलिसांनी त्याला टेबलावरून उठवून नेलं. जाताना त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. तो कुठं आहे हे त्याच्या घरच्यांनाही पुढे कित्येक महिने कळलं नाही. त्याचं टेबल जैनुद्दीनला मिळालं. खणात सुपारीची डबी राहिली होती. जैनुद्दीनने तिला हातसुद्धा लावला नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी घरी निघताना तो स्वतःचे खिसे दोनदा उलटे करून बघायचा, चुकून कागदाचा चिठोरा राहिला नाही ना.

डिसेंबरात वरून हुकूम आला. मनमाडकडून एक नवी स्पेशल रोज दुपारी नगरला येणार. तिला रस्ता मोकळा हवा, म्हणून नगरहून तीन चाळीसला सुटणाऱ्या पॅसेंजरचे पाच थांबे रद्द करायचे. हेडक्लार्क राधाकृष्ण कुलथे यांनी तिकीटविक्रीचे कागद जैनुद्दीनपुढे टाकले.

“जिथं माणसं कमी उतरतात ती पाच स्टेशनं काढ. उद्या साहेबांची सही घ्यायचीय.”

जैनुद्दीनने आकडे पाहिले. पाचवं नाव शेंडेमाळ. डोंगराच्या उतारावरचं एवढंसं स्टेशन, महिन्याला जेमतेम शे-सव्वाशे उतारू. त्याने रबर घेतलं, तिथली पायरी खोडली आणि रेघ सरळ केली. पाच मिनिटांचं काम. आकडे जुलै ते सप्टेंबरचे होते. पावसात माणसं शेतात असतात, गाडीत नसतात, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

जानेवारीत एक कागद टेबलावर आला. शेंडेमाळच्या स्टेशनमास्तरने लिहिला होता. एक माणूस चालत्या पॅसेंजरमधून उतरताना पडला. डावा पाय घोट्यापासून गेला. कुलथ्यांनी कागद वाचला, कोपऱ्यात आद्याक्षरं केली आणि फायलीला लावला.

“चालत्या गाडीतून कशाला उतरावं म्हणतो मी,” ते म्हणाले.

जैनुद्दीनला उत्तर ठाऊक होतं. एकेरी रुळावर ड्रायव्हरजवळ त्या टप्प्याचं टोकन असल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. वेताच्या कड्यात अडकवलेला लोखंडी गोळा. गाडी थांबणार नसेल तर स्टेशनचा पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारा गडी, कडं उंच धरून उभा राहतो आणि ड्रायव्हर ते जाता जाता हातात घेतो. त्यासाठी गाडी हळू करावी लागते, तासाला आठ-दहा मैल. म्हणजे शेंडेमाळला गाडी थांबत नव्हती, पण उडी मारण्याइतकी हळू होत होती. सकाळी नगरला येणारी गाडी तिथं अजून थांबायची. दुपारी परतणारी थांबत नव्हती. पुढचं स्टेशन वांबोरी, पाच मैल.

त्या दिवशी त्याने डबा तसाच परत आणला. जहिराने विचारलं तर म्हणाला, “पोट बरं नाही.” तीन दिवस पोट बरं नव्हतं.

रविवारची सुट्टी होती. घरी काही न सांगता तो तीन चाळीसच्या पॅसेंजरमध्ये बसला. सोबत कागद नाही, पेन्सिल नाही. तरी आपल्याला कोणी ओळखेल म्हणून टोपी खाली ओढून घेतलेली. डबा बायकांनी भरला होता. छावणीत खेचरांच्या चाऱ्याच्या गंज्या लागत, तिथं मजुरीला येणाऱ्या. सगळ्यांच्या केसांत गवताच्या काड्या. जैनुद्दीन दाराशी उभा राहिला.

उतार लागला तशा बायका उठल्या आणि दाराकडे सरकल्या. पुढे पन्नाशीची एक बाई होती. बाकीच्या तिला राहीबाई म्हणत होत्या.

“तुमाला उतरायचं हाय का, भाऊ?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग दार सोडा. आमाला जागा लागती.”

तो आत सरकला. राहीबाईने विळे गुंडाळलेलं गाठोडं हातात घेतलं आणि मागच्या पोरीकडे वळली. ती तिची सून, चांगुणा. सहावा-सातवा महिना असावा. पदर तिने पोटावरून घट्ट आवळून बांधला होता.

“ही पण उडी मारणार?” जैनुद्दीनच्या तोंडून निघालं.

“मग काय वांबोरीहून चालवू? गेल्या आठवड्यात चालवली तर घरी येऊन रात्रभर पोटात कळा. त्यापरीस उडी बरी.” राहीबाई बाहेर बघत होती. “ज्यानं ही गाडी थांबवायची बंद केली ना, त्याला एकदा या दारात आनून उभा करायला पायजे. काय म्हनता?”

त्याने दाराचा दांडा धरला. तिने आपल्याला ओळखलंय असंच त्याला क्षणभर वाटलं, पण ती पुढे वाकून पॉइंट्समनकडे बघत होती. रुळाच्या कडेला कानिफनाथ नावाचा तो पॉइंट्समन कडं उंचावून उभा होता आणि दुसऱ्या हाताने बायकांना खुणावत होता, थांबा, थांबा, आता. ब्रेक किंचाळले. गाठोडी आधी गेली. मग एकेक बाई पायरीवर बसून, गाडी जायच्या दिशेने पळत, खाली. काही पडल्या, उठल्या. राहीबाई उतरली आणि गाडीबरोबर पळत राहिली, दोन्ही हात वर करून.

चांगुणा पायरीवर बसली. तिने जैनुद्दीनकडे मान वर करून पाहिलं. “मला धरा जरा,” म्हणाली.

त्याने तिचा दंड धरला. खालून खडी सरकत होती. चाक हातभर अंतरावर होतं, त्याचा गरम वास येत होता. त्याला वाटलं, सोडू नये. आणि वाटलं, आता सोडलं नाही तर गाडी वेग घेईल. पोरीने स्वतःच हिसका दिला. ती चार पावलं पळाली, गुडघ्यावर आली, सासूने तिला काखेत धरलं. गाडी वळणावर वळली आणि त्या दिसेनाशा झाल्या.

वांबोरीला उतरून तो बाकावर बसला. समोरून मिलिटरी स्पेशल धडधडत निघून गेली. स्टेशनच्या घड्याळात चार तेहेतीस झाले होते. आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं की पॅसेंजर येऊन पाच मिनिटं झाली आहेत.

नियम तीन मिनिटांचा होता. समोरची गाडी न थांबता जाणार असेल, तर थांबणारी गाडी तीन मिनिटं आधी बाजूच्या लाईनीवर पोचली पाहिजे. इथं पाच होती. दोन मिनिटं नकाशात नुसती पडून होती. शेंडेमाळला गाडी हळू होतेच. पुरती थांबवून मिनिटभर उभी केली आणि पुन्हा वेग घेतला, तर जास्तीची दोनच मिनिटं जातील.

सोमवारी त्याने धीर करून कुलथ्यांना सांगितलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली घेतला.

“मिलिटरीच्या गाडीपुढची दोन मिनिटं मागायला मी साहेबांकडे जाऊ? आणि एक दिवस पॅसेंजर तीन मिनिटं उशिरा आली तर? ती स्पेशल सिग्नलला उभी राहील. पुढे चढ आहे. उभी राहिली तर ते धूड वर ओढणार कोण? सहादेवचं काय झालं पाहिलंस ना? गप्प बस, बाबा.”

तो महिनाभर गप्प बसला. फेब्रुवारीच्या शेवटी नवा नकाशा करायची वेळ आली, चाळीसएक बारीक बदलांचा. शेंडेमाळच्या रेघेपाशी आल्यावर त्याने हात पुसले. मग खोडलेली पायरी पुन्हा आखली, मिनिटभराची, आणि पुढची रेघ दोन मिनिटं सरकवली. आणि फक्त रेल्वेच्या माणसांसाठी असलेल्या वेळापत्रकात शेंडेमाळपुढे लिहिलं, ‘टोकन घेण्यासाठी उभी’. उतारूंसाठी छापलेल्या वेळापत्रकात काही नाही. साहेबांनी पान उलटत सह्या केल्या. त्या पानावरही केली.

एक मार्चपासून पॅसेंजर शेंडेमाळला थांबू लागली.

पुढचे सात आठवडे जैनुद्दीनचे कसे गेले ते जहिराभाभी सांगत. दारावर थाप पडली की हातातलं पुस्तक खाली. चार वाजून चौदा मिनिटांनी, पॅसेंजर शेंडेमाळला थांबायच्या वेळी, तो जिथं असेल तिथं, बोलणं बंद. चार तेहेतीसला पुन्हा. मग कपाळ पुसायचा. शेवटी तिने त्याला समोर बसवून विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं.

“रेघच मारलीत ना? चोरी तर नाही केली,” ती म्हणाली.

“सहादेवनेही रेघाच मारल्या होत्या.”

“मग पुसून टाका.”

“त्या पोरीचे दिवस भरत आलेत आता,” तो म्हणाला.

एप्रिलच्या तेवीस तारखेला ते घडलं. पॅसेंजर वांबोरीला उशिरा पोचली आणि मिलिटरी स्पेशल बाहेरच्या सिग्नलला उभी राहिली. कुलथे म्हणाले होते तसंच झालं. चढावर जड गाडी हलेना. शेवटी तिचे दोन तुकडे करून दोन खेपांत वर आणावी लागली. अडीच तास गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसपुढे मिलिटरीची गाडी येऊन थांबली.

एक लष्करी अधिकारी आणि ट्रॅफिक साहेब नकाशाच्या टेबलाभोवती उभे राहिले. साहेबाचं बोट वांबोरीच्या छेदापासून मागे सरकत शेंडेमाळच्या पायरीवर आलं.

“हा थांबा कोणी घातला?”

कुलथ्यांनी जैनुद्दीनकडे बघायचं टाळलं, हे जैनुद्दीनला दिसलं. एक खोटं उत्तर त्याने सात आठवडे पाठ केलं होतं, की उतारावर टोकन घेताना पॉइंट्समनच्या हाताला दुखापत होऊ शकते. पण पाठ केलेलं आठवेना.

“मी,” तो म्हणाला. “लोक उड्या मारतात, साहेब. बाया मारतात. एकाचा पाय गेला. कागद फायलीत आहे.”

त्याच दुपारी पोलीस भिंगारच्या घरी गेले. ट्रंका उपसल्या, गाद्या उसवल्या. शमशेरच्या दुकानात कपडे बेतायचे खाकी कागदाचे नमुने टांगलेले होते. त्यांवर तिरक्या रेघा, रेघांवर आकडे. फौजदाराने ते सगळे गुंडाळून नेले आणि जैनुद्दीनला चौकीत बसवलं. दोन दिवस तोच प्रश्न. या रेघा कुठल्या गाड्यांच्या? हे साडेचौदा म्हणजे किती वाजता? जैनुद्दीन सांगत होता, तो गळा आहे, ती बाही आहे. भीतीने त्याचा आवाज इतका कापत होता की खरंही खोटंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी म्हातारा शमशेर खडू आणि कैची घेऊन चौकीत आला. एक नमुना त्याने टेबलावर पसरला आणि फौजदाराला म्हणाला, “उभे राहा, साहेब. हा तुमच्याच कोटाचा आहे. मागच्या दिवाळीत शिवला.” नमुना अंगाला लावला. नेमका बसला. फौजदार हसला नाही, पण जैनुद्दीनला सोडलं.

रेल्वेची चौकशी चालू राहिली. पॅसेंजरच्या गार्डाची वही मागवली. तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्या दिवशी मिलिटरीच्याच सामानाचा डबा जोडायचा म्हणून गाडी नगरहूनच सहा मिनिटं उशिरा सुटली होती. शेंडेमाळला ठरली तेवढीच थांबली. तिथली दोन मिनिटं वगळली असती तरी स्पेशल अडलीच असती. साहेबाने एक इन्स्पेक्टर पाठवला. तो चार दिवस शेंडेमाळच्या फलाटावर उभा राहून उतारू मोजत बसला. त्रेचाळीस, अडतीस, एक्कावन्न, चव्वेचाळीस. स्टेशनमास्तरचं आणि कानिफनाथचं म्हणणं त्याने लिहून घेतलं.

निकाल दोन ओळींचा आला. थांबा कायम, पुढच्या वेळापत्रकात छापावा. आणि नकाशा काढणाऱ्या जैनुद्दीन शेखने विनापरवानगी बदल केला, म्हणून त्याला टेबलावरून काढून मालधक्क्यावर पावत्या लिहायला बसवावं. दोन वर्षं बढती बंद.

कुलथ्यांनी तो कागद त्याच्या हातात दिला. “नशीब समज,” म्हणाले. मग, “मी बोलायला हवं होतं.”

“मीही बोलणार नव्हतो,” जैनुद्दीन म्हणाला. “तोंडातून निघून गेलं.”

मालधक्क्यावर तो चार वर्षांहून जास्त होता. रेघा नाहीत, छेद नाहीत, गुळाच्या ढेपा आणि कापसाच्या गाठी. पण तिथंही भीती सुटली नाही. उलट वाढली, कारण आता काय तपासायचं हेच त्याला कळेना. स्पेशल जाताना जमीन हादरली की तो पावती अर्धी सोडून उठायचा. लढाई संपल्यावर सहादेव सुटून आला. केस पांढरे झालेले, उजव्या हाताला कंप. एकदा तो धक्क्यावर भेटायला आला आणि दोघं गुळाच्या ढेपांवर बसून राहिले. जैनुद्दीनने त्याला सुपारीची डबी परत दिली. ते टेबल सोडताना त्याने ती उचलून आणली होती.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात रेल्वेच्या सगळ्या मुसलमान नोकरांना एक छापील कागद मिळाला. हिंदुस्थानात राहणार की पाकिस्तानात जाणार, ते भरून द्यायचं. जैनुद्दीनचा चुलतभाऊ महमूद पुण्याच्या रेल्वेत होता, त्याने जायचं ठरवलं. दोन पत्रं आली, लवकर ठरव म्हणून. इथं राहायची भीती होती, जायची होती, आणि कागदावर खाडाखोड होईल याची तर सगळ्यात जास्त. आठ दिवस कागद कुराणाच्या कपाटात पडून होता. शमशेर मशीन चालवत होता. नवव्या दिवशी जहिराने दौत आणून पुढे ठेवली.

जैनुद्दीनने मला सांगितलं की त्या वेळी देश वगैरे काही त्याच्या मनात आलं नाही. त्याने डोळे मिटले आणि दौंडपासून मनमाडपर्यंतची स्टेशनं क्रमाने म्हटली, मधलं अंतर आणि मिनिटं यांसह. मग तिकडची एखादी लाईन आठवायचा प्रयत्न केला. एकही नाव येईना.

त्याने ‘हिंदुस्थान’ लिहिलं. शेवटची अक्षरं रेघेच्या खाली उतरली. जहिराने कागद वाळवला, घडी घातली आणि त्याच्या खिशात ठेवला. पाकिस्तान निवडणारे निघून गेल्यावर ऑफिसात नकाशेवाले उरले नव्हते, म्हणून कुलथ्यांनी त्याला धक्क्यावरून परत बोलावून घेतलं आणि कोरा कागद टेबलावर पसरला. जैनुद्दीनने दाराकडे पाहिलं. पोलिसाची खुर्ची रिकामी होती. त्याने पेन्सिलीला टोक केलं आणि स्टेशनांच्या आडव्या रेघा खालून वर ओढायला सुरुवात केली.